‘सरांना सांगू नका ताई’ : नाशिकच्या एका रनिंग ग्रुपचं प्रकरण

आमच्या ग्रुपमधल्या एका पोरीने पायाचं दुखणं कोचपासून, म्हणजे आमच्या सरांपासून लपवलं होतं. ते प्रकरण लिहायचं की नाही यावर माझं आणि सरांचं दोन आठवडे चाललं होतं. सर म्हणाले लिही, पोरीचं नाव नको, माझं टाकलंस तरी चालेल. मी कुणाचंच टाकत नाहीये, ग्रुपचंही नाही, कारण नाशिकमध्ये ॲथलेटिक्सवाले सगळे एकमेकांना ओळखतात आणि मग वाचणारा मुद्दा सोडून ‘हे नक्की कोण’ तेच शोधत बसतो. पोरीला आणि तिच्या बाबांना सगळं वाचून दाखवलंय. तिने दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या, त्या जागेवर येतील तशा सांगते.

आधी माझं थोडक्यात. कॉलेजात असताना मी १५०० मीटर पळायचे, राज्यापर्यंत गेले, मग गुडघ्याने आणि नंतर लग्नाने थांबवलं, याच क्रमाने. आता सातपूरला नोकरी आणि सकाळी साडेपाच ते साडेसात सरांच्या ग्रुपला मदत. स्टॉपवॉच धरायचं, वॉर्मअप घ्यायचा, मुलींचं काय असेल नसेल ते बघायचं. पोरं मला ताई म्हणतात. सर फौजेतून रिटायर, मूळचे देवळ्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले, फी घेत नाहीत, उलट कुणाचे बूट फाटले तर स्वतःच्या पेन्शनमधून आणतात. हे आधीच सांगते कारण पुढे सरांच्या चुका येणारेत आणि वाचताना कुणाला वाटायला नको की माणूस वाईट आहे. माणूस चांगला असला म्हणजे पोरं त्याच्याशी खरं बोलतातच असं नाही, एवढंच आहे या प्रकरणात.

ग्रुपमध्ये १४ जण, त्यात ९ मुली, बहुतेक पेठ, सुरगाणा, हरसूल बाजूच्या. मंगळवारी ट्रॅक, गुरुवारी पांडवलेणीचा चढ, रविवारी गंगापूर रोडने धरणाच्या दिशेला लाँग रन. निम्म्यांच्या डोक्यात मेडल, निम्म्यांच्या डोक्यात पोलीस भरती, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांच्या डोक्यात दोन्ही, कारण सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे आमच्याकडे पोरांना पाढे पाठ व्हायच्या आधी माहीत असतं.

आणि सगळ्यांच्या डोक्यात कविता राऊत. नाशिकमध्ये लांब पल्ल्याचं पळणाऱ्या पोरीला कविता राऊत कोण हे सांगावं लागत नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची मुलगी, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला सिल्व्हर, पुढे २०१६ ला रिओत मॅरेथॉन. पोरींना ती आपल्यातली वाटते, ते चांगलंच आहे. पण ही गोष्ट पाड्यापाड्यावर सांगितली जाते तेव्हा तिच्यातलं एकच वाक्य उरतं, की सोसलं म्हणून मोठी झाली. कोच होते, वर्षानुवर्षाचं प्लॅनिंग होतं, कधी थांबायचं ते सांगणारं कुणीतरी होतं, हे सगळं गळून जातं. मग पाय दुखला की पोरगी काय करते? सोसते.

मंगळवार

ऑक्टोबर २०२४. ही मुलगी १६ वर्षांची, पेठ तालुक्यातली, अकरावीला, नाशिकला वसतिगृहात राहणारी. ३००० मीटरला जिल्ह्यात पहिली आली होती, १० मिनिटं ५१ सेकंद (मी ५२ लिहिलं होतं, ही तिची पहिली दुरुस्ती). विभागीय स्पर्धा तीन आठवड्यांवर. त्या मंगळवारी सेशन होतं ८०० मीटरचे सहा रिपिटेशन, म्हणजे तेच अंतर सहा वेळा. तिसऱ्यापर्यंत ठीक, चौथ्याला शेवटच्या दोनशेत तिचा डावा पाय नीट पडत नव्हता हे मला समोरून दिसत होतं, पाचव्याच्या आधी ती वाकून नडगी दाबत उभी राहिली आणि सर पलीकडच्या टोकाकडून ओरडले, “नाटकं करायची असतील तर घरी जा, तीन आठवडे राहिलेत!” तिने पाचवा मारला. सहावाही मारला. सहाव्याला टायमिंग चांगलं आलं आणि सर म्हणाले, बघ, होतं की नाही.

मी काही बोलले नाही. स्टॉपवॉच माझ्याच हातात होतं, तिचा पाय मी बघितला होता, तरी बोलले नाही, कारण पोरांसमोर सरांना अडवायचं नाही असं मी माझं मीच ठरवून ठेवलं होतं. ही माझी चूक या प्रकरणात लिहून ठेवते.

रात्री नऊला तिच्या रूममेटचा फोन. ताई, हिला पाय टेकवत नाहीये, पण तुम्हाला फोन केलाय हे तिला सांगू नका. मी गाडी काढून गेले. ती कॉटवर बसलेली, नडगीवर झंडू बाम फासलेलं, आणि माझ्याकडे न बघता पहिलंच वाक्य, “सरांना सांगू नका ताई, ते लिस्टमधून नाव काढतील.”

(मी इथे आधी लिहिलं होतं की ती रडत होती. ती म्हणाली, मी रडत नव्हते, मला राग आलेला होता. दुसरी दुरुस्ती.)

मी बोटाने हळूहळू नडगी दाबत गेले. आम्ही पळणारे ज्याला शिन पेन म्हणतो ते साधारण हाडाच्या कडेने वीतभर पसरलेलं असतं, सुरुवातीला दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं. हिचं तसं नव्हतं. एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर बोट गेलं की ती कळवळत होती आणि रात्री झोपेतही ठणकत होतं. किती दिवस? आधी म्हणाली दोन दिवस. मग पाच. मग खाली बघून, दसऱ्याच्या आधीपासून. मग मी पाळीचं विचारलं, कारण हे दोन प्रश्न एकत्र विचारायचे असतात एवढं मला माहीत होतं. जून संपला तेव्हा आली होती शेवटची. तिला वाटत होतं बरंच झालं, कटकट गेली, आणि ग्रुपमधल्या अजून एकीचीही बंद आहे म्हणजे पळणाऱ्यांचं असंच असतं.

नाव काढतील हे आलं कुठून

मी तिला विचारलं की सर नाव काढतील असं तुला का वाटतं, सरांनी कधी असं म्हटलंय का. म्हटलं नव्हतं. पण मागच्या वर्षी एका सीनियर मुलीने सरांना गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी एंट्रीच्या लिस्टमध्ये तिचं नाव नव्हतं. हे ग्रुपमधल्या प्रत्येक मुलीला माहीत होतं. नंतर आलेल्या मुलींनाही, कारण नवीन मुलगी आली की पहिल्या आठवड्यातच तिला हे सांगितलं जायचं, जसं पाण्याचा नळ कुठे आहे ते सांगतात तसं.

मला मात्र ते प्रकरण वेगळंच आठवत होतं. त्या वेळी एका इव्हेंटला दोनच एंट्री देता येत होत्या, तिसऱ्या मुलीचं ट्रायलचं टायमिंग तिच्यापेक्षा चार सेकंदांनी चांगलं होतं, लिस्ट सरांनी गुडघ्याचं कळायच्या आदल्या दिवशीच लिहिली होती. त्यांच्या रजिस्टरमध्ये तारखेसकट आहे. सरांच्या बाजूने निर्णय शंभर टक्के बरोबर होता. फक्त त्यांनी तो कुणाला सांगितला नाही, फौजेत सांगत नसतील कदाचित. लिस्ट लावली, विषय संपला. आणि कारण दिलं नाही की पोरं स्वतःच कारण तयार करतात, आणि ते कारण दोन दिवसांनी ग्रुपचा नियम होतो. या नियमाची सरांना वर्षभर कल्पनाच नव्हती. ते उलट मला अभिमानाने सांगायचे की आपल्या ग्रुपमध्ये इंज्युरीच होत नाहीत.

तर त्या रात्री माझ्यापुढे प्रश्न होता की आता काय. गप्प बसले तर पोरगी गुरुवारी पांडवलेणीचा चढ पळणार, आणि हाडाला चीर असेल तर हाड पूर्ण जाणार. सांगितलं तर तिने माझ्यावर टाकलेला विश्वास गेला आणि पुढच्या वेळी रूममेट मलाही फोन करणार नाही. मी तिला म्हणाले, “मी सरांना सांगणार. पण तुझ्या मागे नाही, तुझ्यासमोर, आणि आधी तू बोलशील, तुला नाही जमलं तर मी.” तिला हे आवडलं नाही. सकाळपर्यंत विचार कर म्हणून मी घरी आले. पाचला तिचा मेसेज, ‘या’. एवढाच.

पुढचे दहा दिवस

ग्राउंडबाहेर चहाची टपरी आहे, तिथे आम्ही तिघं. सगळ्यांच्या नजरेत, पण आवाज जाणार नाही एवढं लांब. ती बोलली, तीन वाक्यं. सरांची पहिली रिॲक्शन काय असेल? तीच, जी सगळ्या कोचची असते. “मला का नाही सांगितलं?” आणि ते पण चढ्या आवाजात. ती एकदम बंद. मी म्हणाले सर, याचं उत्तर तुम्हाला आत्ता देणार आहे ती, जरा हळू विचारा. मग तिने मागच्या वर्षीच्या मुलीचं सांगितलं. सर काहीतरी बोलायला गेले, थांबले, आणि चहा तसाच ठेवून ट्रॅकवर निघून गेले. मला वाटलं संपलं सगळं.

एक्स-रे नॉर्मल आला. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर) एक्स-रेला बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे एक्स-रे बघून ‘काही नाही, पळ’ म्हणणारे खूप भेटतात. आमच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला आणि त्यात नडगीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. आठ आठवडे पळायचं नाही. विभागीय गेली. हिमोग्लोबिन ९.८ निघालं (मुलींमध्ये १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया), आणि पेठ-सुरगाण्याकडच्या पोरांमध्ये सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असू शकतो म्हणून लोहाच्या गोळ्यांच्या आधी ती टेस्टही केली, ती निगेटिव्ह आली.

हाडाचं आणि पाळीचं कनेक्शन डॉक्टरांनी सरांना समोर बसवून समजावलं. जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नसेल तर शरीर आधी जे ‘नसलं तरी चालेल’ ते बंद करतं. पाळी बंद होते, इस्ट्रोजेन कमी होतं, हाडं कच्ची राहतात. ऑलिंपिक कमिटीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नावही दिलंय. वसतिगृहाच्या मेसमध्ये दोन पोळ्या आणि पातळ वरण खाऊन आठवड्याला साठ किलोमीटर पळणारी पोरगी, यात गूढ काही नव्हतं. घरी असती तर नागलीची भाकरी तरी पोटात गेली असती, १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ती नाशिकला येऊन सुटली.

सर बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये मला म्हणाले, बावीस वर्षं पोरं पळवतोय, हे मला कुणी सांगितलंच नाही. मी म्हणाले, तुम्ही कुणाला विचारलं होतं का?

बाबांना फोन केला. ते तेव्हा दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला गेलेले, एका दिवसाची मजुरी बुडवून आले. त्यांनी डॉक्टरांना काही विचारलं नाही, सरांना विचारलं, “नोकरीचं कसं मग सर?” आता हा प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. ग्रुपमध्ये पोरगी घेताना सर पालकांना सांगायचे, दोन वर्षं द्या, नोकरी लावतो. वाईट हेतूने नाही, त्यांच्या काही पोरी लागल्याही होत्या भरतीत. पण त्या दिवशी सर म्हणाले, “दादा, मी तुम्हाला जे बोललो होतो ते बोलायला नको होतं. नोकरी माझ्या हातात नाही. पाय नीट करणं माझ्या हातात आहे, तेवढं करतो.” बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, बरं. मला विचाराल तर पूर्ण प्रकरणात सरांना सगळ्यात महाग पडलेलं वाक्य हे, पुढची सगळ्यांसमोरची माफी नाही. कारण या वाक्यानंतर बाबा पोरीला घेऊन जाऊ शकले असते.

शनिवारची मीटिंग, आणि तिचा काहीच उपयोग न होणं

शनिवारी सेशननंतर सरांनी सगळ्यांना बसवलं. रजिस्टर हातात. मंगळवारी मी ओरडलो ते चुकलं म्हणाले. मग मागच्या वर्षीच्या एंट्रीचं पान उघडून टायमिंग वाचून दाखवलं, तारखेसकट, आणि म्हणाले हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मग म्हणाले मुलींच्या शरीराबद्दल मला फार कमी माहिती आहे, मी शिकतोय, तोपर्यंत ताईंना सांगा. आणि शेवटी, दुखलं तर सांगायचं, नाव जाणार नाही.

पोरं काय करणार, मान हलवली. एक-दोघं हसू दाबत होते कारण सर माफी मागताना अटेन्शनमध्ये उभे होते. मला मात्र भरून आलेलं, वाटलं झालं, बदललं आता सगळं.

काही बदललं नाही. सोमवारपासून वह्या सुरू केल्या, प्रत्येकाने रोज तीन गोष्टी लिहायच्या : झोप किती तास, दुखणं शून्य ते दहा आणि कुठे, कालचं सेशन दहापैकी किती जड गेलं. पहिला आठवडा १३ वह्यांमध्ये दुखणं शून्य. चौदावी हिची, ती तर प्लास्टरमधल्या माणसासारखी उघडच पकडली गेलेली. झोप सगळ्यांची आठ तास. वसतिगृहात रात्री अकराला लाइट जातात आणि पोरं पाचला ग्राउंडवर असतात, हिशोब तुम्हीच करा. सर वैतागले, मी एवढं मोकळं बोललो तरी पोरं खोटं लिहितात. माझं म्हणणं होतं की सर, तुम्ही अजून फक्त बोललात. मागच्या वर्षी पोरांनी शब्दावर नाही, लिस्टवर विश्वास ठेवला होता. आता पण ते लिस्टचीच वाट बघतायत.

लिस्ट आली नोव्हेंबरच्या शेवटी. क्रॉस कंट्रीसाठी ट्रायल घ्यायची होती आणि ट्रायलच्या दोन दिवस आधी एका मुलाने वहीत लिहिलं, टाच, मागे, ६. हा पोरगा ग्रुपमधला सगळ्यात आगाऊ, त्याने प्रामाणिकपणे लिहिलं की सरांची परीक्षा घ्यायला लिहिलं हे मला आजही माहीत नाही, आणि त्याने काही फरकही पडत नाही. सरांनी टाच बघितली, ॲकिलिस (टाचेमागचा स्नायुबंध) सुजलेला होता खरा. ट्रायलला पळू दिलं नाही, सायकलवर बसवला. आणि लिस्टवर पाच नावांच्या जागी चार नावं लिहिली, पाचव्या जागेसमोर लिहिलं, ‘टाच बरी झाल्यावर ७ डिसेंबरला एकट्याची ट्रायल, इतकी इतकी वेळ आली तर हा, नाही तर ट्रायलमधला पाचवा’. वेळ आधीच लिहून ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. त्या पाचव्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की तुझी जागा अजून पक्की नाही आणि का नाही. त्याला राग आला, तो दोन दिवस सरांशी बोलला नाही. मोकळेपणाने सगळे खूश होतात असं कुणी सांगत असेल तर त्याने कधी टीम निवडली नसणार.

७ तारखेला तो पळाला, दिलेल्या वेळेपेक्षा तीन सेकंद जास्त लागले, जागा पाचव्याला गेली. म्हणजे खरं सांगणाऱ्या पोराला जागा मिळाली नाही! मी धसकले होते. पण पोरांनी ते बरोबर वाचलं. टाचेमुळे नाही गेली, टायमिंगमुळे गेली, आणि ते टायमिंग आठ दिवस भिंतीवर चिकटलेलं होतं. सोमवारी मी वह्या उघडल्या तर नऊ वह्यांमध्ये काही ना काही दुखत होतं. कुणाची मांडी ३, कुणाची पाठ ४, एकीने लिहिलं होतं, ‘झोप ५ तास, भाऊ फोनवर भांडला’. मी ट्रॅकच्या कडेला बसून ते वाचत होते आणि मला हसू येत होतं, नऊ पोरांना एका रात्रीत एवढं सगळं कसं काय दुखायला लागलं.

हेच आमच्या ओळखीच्या एका पदाधिकाऱ्यांनीही विचारलं, पण हसून नाही. म्हणाले, सरांनी पोरं नाजूक करून ठेवली. यावर मला एक अभ्यास आठवतो. ॲमी एडमंडसन म्हणून अमेरिकेतल्या संशोधक आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या टीम बघितल्या, औषध देण्यातल्या चुका कुठे जास्त होतात म्हणून. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. निघालं उलटं, जिथे वातावरण चांगलं तिथे नोंदवलेल्या चुका जास्त. कारण तिथल्या नर्सेस चुका लपवत नव्हत्या. आमच्या वह्यांचं तेच होतं. दुखणं वाढलं नव्हतं, लपलेलं वर आलं होतं. हे मी त्या साहेबांना समजावायचा प्रयत्न केला, त्यांनी चहा मागवला.

सरांचा दुसरा घोळ

जानेवारीत सरांना मोकळेपणाचा जोर चढला. एका सकाळी त्यांनी एका मुलीची वही सगळ्यांसमोर वाचली, बघा हिने किती प्रामाणिक लिहिलंय, असं लिहायचं. तिने लिहिलं होतं की घरची आठवण येते आणि पळावंसं वाटत नाही. ती मुलगी पुढचे पंधरा दिवस फक्त आकडे लिहीत होती. सरांना कळेना, मी तर कौतुक केलं. मी त्यांना सांगितलं की तुमची चूक तुम्ही चौकात सांगा, ती तुमची आहे. तिची वही तिची आहे. आता वहीच्या कव्हरवरच लिहिलंय, सर आणि ताई सोडून कुणी वाचणार नाही.

मुलींच्या वह्यांना पाळीचाही एक कॉलम जोडला, तो फक्त माझ्याकडे येतो, एक बारीक टिंब, बस. हा कॉलमही लगेच नाही चालला. सरांनी आपल्या पद्धतीने प्रयत्न केला होता, मीराबाई चानूचं उदाहरण देऊन. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तिने १९९ किलो उचलले, ब्राँझवाली २०० वर गेली, आणि नंतर मीराबाई कॅमेऱ्यासमोर म्हणाली की पाळीचा तिसरा दिवस होता. सर म्हणाले, ती देशासमोर बोलते तर आपण ग्राउंडवर बोलायला काय हरकत. मुली बुटांच्या लेस बघायला लागल्या. काही गोष्टी बरोबर असल्या तरी बोलणारा माणूस बदलावा लागतो. मी नंतर फक्त मुलींना घेऊन बसले आणि माझं सांगितलं, एकोणिसाव्या वर्षी माझी सात महिने बंद होती, मी कोचपासून लपवली, आणि माझा गुडघा ज्याला मी आयुष्यभर गुडघा म्हणत आले तो बहुतेक नुसता गुडघा नव्हता. हे मी आजवर नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर टिंबं यायला लागली. नऊपैकी तिघींची अनियमित निघाली, तिघींना डॉक्टरांकडे नेलं.

अजून एक गोष्ट, जी लोक मोकळेपणा म्हटलं की विसरतात. सरांनी मुलींना पर्सनल मेसेज करणं पूर्ण बंद केलं. जे असेल ते मोबाइलच्या ग्रुपवर, त्या ग्रुपमध्ये मी, आणि पालकांपैकी कुणीतरी. नडगीवाल्या पोरीच्या बाबांकडे साधा फोन, म्हणून मोठा भाऊ ग्रुपमध्ये आहे. २०२३ ला लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर कुस्तीगीर मुली बसल्या ते आमच्या पोरींनी मोबाइलवर बघितलंय, त्यांच्या आयांनी पण. त्यानंतर कुणी कोच म्हणाला की माझ्याशी मोकळेपणाने बोल, तर आई पहिलं विचारणार, कुठे आणि कुणासमोर. बरोबरच आहे. टपरी आवाज न येण्याएवढी लांब, पण सगळ्यांना दिसेल अशी असावी लागते.

सरांना सगळं जमलंय असं नाही. अजून ओरडतात. मागच्या महिन्यात एका ट्रायलचं कारण सांगायचं राहिलं तर पोरांनीच येऊन विचारलं, सर लिस्टखाली काही लिहिलं नाही. सर चिडले, मग लिहिलं.

आणि मागच्या वर्षीची ती सीनियर मुलगी? तिला सरांनी फोन केला होता, शनिवारच्या मीटिंगनंतर. ती आता पळत नाही. ती म्हणाली, ठीक आहे सर, आणि फोन ठेवला. तिथे काही जुळलं नाही.

आता

आठ आठवडे नडगीवाली पोरगी सायकल आणि कोअर (पोट-पाठीचे व्यायाम) करत होती, मेसशिवाय रोज दोन अंडी आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू (अंड्यांचे पैसे सर देतात, हे त्यांना इथे आलेलं आवडणार नाही), आणि बाबांनी घरून नागलीचं पीठ पाठवलं. डिसेंबरच्या शेवटी एक मिनिट जॉग, दोन मिनिटं चालणं असं सुरू झालं. फेब्रुवारीत पाळी परत आली. मार्चमध्ये पहिल्यांदा घड्याळ लावून ३००० पळाली, ११ मिनिटं २३. म्हणजे आधीपेक्षा बत्तीस सेकंद हळू. तिला ते अजिबात पटलेलं नाही.

परवा तिची वही चाळत होते. तिने लिहिलं होतं, ‘डावी नडगी २. आज पळायचंय.’ खाली सरांच्या अक्षरात, ‘नाही. सायकल.’ त्याच्या खाली तिचं, ‘का?’

त्याच्या खाली सरांनी साडेचार ओळी लिहिल्यात, गिचमिड अक्षरात, मागच्या तीन दिवसांचे आकडे टाकून, एका ठिकाणी खोडून परत लिहिलंय. आणि त्यांच्या खाली तिने, ‘ठीक. पण गुरुवारी बघू.’